अक्षराचा खण आणि अक्षराचा चेहरा



या वेळचा धडा कॉम्प्युटरचा आहे. "आता या वयात आम्हाला कुठले जमायला" असे म्हणून कोणी पान उलटू नये. ज्यांस चार ओळी मराठी लिहिता येतात आणि बाजारातील सुट्या पैशांचा हिशेब जमतो, त्यांस हा धडा समजेल. आम्ही स्वतः यातले बहुतेक साठी उलटल्यावर शिकलो, आणि आता त्याची अशी गोडी लागली आहे की घरातील मुले आम्हाला हसतात.

आधी निमित्त सांगतो. सध्या आमचा मुक्काम अबू धाबीतील अल रीम आयलंडवर, मुलीच्या घरी आहे. २०२० साली इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला, त्यानंतर ती नोकरीसाठी इकडे आली. बेट म्हणजे मुख्य शहराला पुलांनी जोडलेली उंच इमारतींची वस्ती. फ्रान्सच्या सॉर्बोनचे विद्यापीठ याच बेटावर आहे. खाली दुकानात गेले की पाट्या अरबी आणि इंग्रजी, गल्ल्यावरचा मुलगा मल्याळी, आणि लिफ्टमध्ये कोल्हापूरच्या एक बाई भेटतात त्या शुद्ध मराठीत भाजीचे भाव सांगतात. असो.

निघताना आमच्या धाकट्या बहिणीने अश्दोदला एक सीडी हाती दिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे कै. मेव्हणे, यांनी निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरवर बसून आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) रेवदंड्याजवळचे गाव, वडिलांचा तेलाचा घाणा, शनिवारी सोडून ठेवलेला बैल, भाऊचा धक्का, मुंबईची चाळ, मग इस्राएलातील पहिला हिवाळा. बेचाळीस पाने. कागदावर एकच प्रत काढली होती, ती घर बदलताना गहाळ झाली. उरली ती ही सीडी. बहीण म्हणाली, "ताई, तुला कॉम्प्युटर कळतो. एकदा वाचून दाखव."

मुलीने कुठून तरी सीडीचा ड्राइव्ह पैदा केला, लॅपटॉपला जोडला, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची खूण, आणि मधूनमधून अरबी अक्षरे पेरलेली. मराठीचा एक काना दिसेना. नात म्हणाली, "आजी, अश्दोदच्या आजोबांनी अरबीत लिहिलंय का?" आम्ही तीच फाइल अश्दोदला भाच्याकडे पाठविली. त्याने आपल्या कॉम्प्युटरवर उघडली, तर अरबीच्या जागी हिब्रू अक्षरे! लिहिणाऱ्याने लिहिले मराठीत, एका देशात दिसते अरबी, दुसऱ्या देशात हिब्रू. बहिणीला फोनवर काय सांगावे ते कळेना. "खराब झाली का गं?" एवढेच ती विचारी.

फाइल खराब झालेली नव्हती. काय झाले होते ते समजावून घेण्यासाठी छापखान्यात जाऊ या.

माझगावच्या सर एली कदूरी शाळेत असताना आमच्या बाईंनी आम्हाला एकदा छापखाना दाखवायला नेले होते. कंपॉझिटरसमोर लाकडी पेटी, तिला लहान लहान खण, प्रत्येक खणात एका अक्षराचे शिशाचे खिळे. तो माणूस पेटीकडे पाहातही नव्हता. हात आपोआप त्या त्या खणाकडे जाई. आता समजा, रात्री कोणी खोडकराने पेटी तीच ठेवून खणांतील खिळे बदलले. सकाळी कंपॉझिटर सवयीने जुळवणी करील, हात अगदी बरोबर जाईल, पण छापून येईल ते भलतेच.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, फक्त खणाचा नंबर कळतो. तुम्ही अक्षर दाबले की तो नंबर साठवितो. दाखवायची वेळ आली की त्या नंबरच्या खणात जे चित्र असेल ते पडद्यावर काढतो. त्या चित्रांच्या संचाला फाँट म्हणतात. नंबर आत असतो, चेहरा बाहेर दिसतो. आजच्या धड्यात लक्षात ठेवण्याजोगे एवढेच आहे, बाकी सारे याचेच पोटकलम.

इस्राएलात याचा एक विनोद घरोघर माहीत आहे. कीबोर्ड हिब्रूवर आणायला विसरून "शालोम" टाइप केले की पडद्यावर इंग्रजी "ए के यू ओ" उमटते. शीन हे अक्षर ए च्या बटणावर, लामेद के वर, वाव यू वर आणि शेवटचा मेम ओ वर. बोटे बरोबर गेली, पेटी दुसरी होती. मेव्हण्यांच्या बेचाळीस पानांचे हेच झाले होते, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर.

सुरुवातीच्या अमेरिकन पेटीला १२८ खण होते. त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे, चिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही खुणा एवढेच बसे. पुढे खण २५६ झाले. पहिले १२८ सर्वत्र तेच राहिले, आणि वरचे १२८ ज्या त्या देशाने आपापल्या अक्षरांनी भरले. विंडोजच्या इस्राएली पेटीत २२४ ते २५० या सत्तावीस खणांत आलेफ ते ताव ही बावीस आणि शब्दाच्या शेवटी येणारी पाच रूपे ओळीने बसली. अरबी पेटीत त्याच नंबरांवर बरीचशी अरबी अक्षरे. म्हणजे एकच नंबर अश्दोदला एक अक्षर, अबू धाबीला दुसरे.

मराठीची पेटी कुठे होती? भारत सरकारने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी एक प्रमाण पेटी ठरविली, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केले. पण घरी आणि छापखान्यात चालली ती दुसरीच युक्ती. कॉम्प्युटरला कळू न देता इंग्रजीच्या खणांत मराठी आकारांची चित्रे भरायची. यंत्राला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत, माणसाला दिसे मराठी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे कितीतरी फाँट निघाले आणि प्रत्येकाची खणांची मांडणी निराळी. त्या काळी दुसरा सोपा मार्ग नव्हता, आणि त्या फाँटांनी महाराष्ट्राची पुस्तके व मासिके छापून काढली, हे विसरून चालणार नाही. फक्त फाँट गेला की मजकूर गेला.

आमच्यापैकी ज्या भगिनींनी मुंबईत मराठी टायपिंगचा क्लास केला होता, त्यांस जुन्या फाँटची रीत चटकन कळेल, कारण ती टाइपरायटरचीच होती. "कि" लिहायचे तर आधी वेलांटी, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. "प" पाहिजे तर अर्धा प् आणि मग काना. रफार शब्द पुढे गेल्यावर मागाहून डोक्यावर मारायचा. म्हणजे जसे दिसते तसे, आकार आकार जुळवायचे. तोंडाने मात्र आपण आधी क म्हणतो आणि मग इ. आजची पद्धत तोंडाप्रमाणे चालते: आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे काढायची हे यंत्र पाहून घेते. म्हणून जुना मजकूर नव्यात आणताना नुसते खण बदलून भागत नाही, प्रत्येक वेलांटी उचलून मागे न्यावी लागते आणि प्रत्येक रफार पुढे.

आजची पद्धत म्हणजे युनिकोड. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. तिने पेट्यांचे भांडणच मिटविले: जगातील सर्व लिप्यांना मिळून एकच प्रचंड पेटी, आणि कोणाचा नंबर कोणाशी जुळणार नाही. आलेफचा नंबर १४८८, अरबी अलिफचा १५७५, आपल्या क चा २३२५, ळ चा २३५५. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत जागा आहे. हे नंबर अल रीमला, अश्दोदला आणि अलिबागला तेच. मराठी फाँट कोणताही असो, चेहरा बदलेल, अक्षर बदलणार नाही.

येथे अरबी पाट्यांखालून रोज जाता-येता आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी निरनिराळे दिसते, पण कीबोर्डवर त्याला बटण एकच आणि नंबरही एकच. रूप यंत्र ठरविते. हिब्रूत शेवटच्या मेमला वेगळे बटण व वेगळा नंबर. आपली मराठी या बाबतीत अरबीच्या बाजूची निघाली. "क्ष" ला स्वतःचा नंबर नाही. क, मग पाय मोडण्याची खूण, मग ष असे तीन नंबर आत जातात आणि बाहेर एक जोडाक्षर दिसते. आम्ही हे नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आतमध्ये सगळे सुटे सुटेच असतात?" अगदी तसेच.

मराठीचे दोन-तीन हट्ट मात्र सांभाळावे लागतात. समुद्र तो "दर्या" आणि डोंगरातल्या त्या "दऱ्या". आचार्यांना जेवू घालणे निराळे आणि आचाऱ्यांना निराळे. दुसरा र लिहायचा तर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा. दुसरे, "ॲल्बर्ट" मधील पहिल्या अक्षराला २००८ साली स्वतःचा खण मिळाला. त्यापूर्वी अ लिहून वर चंद्र देत. दोन्ही दिसायला सारखे, पण आतले नंबर वेगळे. मग तुम्ही यादीत ॲल्बर्ट शोधता आणि यंत्र म्हणते असा कोणी नाही. तो असतो, जुन्या नंबराखाली बसलेला.

काहीजण म्हणतील, इतकी यातायात कशाला, पानाचा फोटो काढून ठेवला की झाले. फोटो जरूर काढावा. पण फोटो म्हणजे शिळाछाप. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह जो हाग्गादा निघाला, तो शिळाछापावर काढलेला होता. त्या पद्धतीत लेखकू हाताने लिहितो आणि ते लिखाण दगडावर उतरते. सुंदर असते, पण दगडातून एखादे अक्षर उचलून दुसरीकडे लावता येत नाही. फोटोतही तसेच. त्यात नाव शोधता येत नाही, अक्षर मोठे करून ओळ पुन्हा नीट बसविता येत नाही, डोळ्यांनी अधू झालेल्यास फोन ते वाचून दाखवू शकत नाही. छापील मराठीचा फोटो पाहून त्यातील अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आता आहेत. टेसरॅक्ट नावाचा एक तर फुकट मिळतो आणि त्याला मराठी येते. पण त्याने दिलेली प्रत मुद्रिते तपासावीत तशी ओळीओळीने तपासावी लागते. दोन्ही ठेवावे, फोटोही आणि अक्षरेही.

हिब्रू आणि मराठी एकाच पानावर बसविणे ही आपल्या समाजाची जुनी डोकेदुखी. जॉन विल्सनचे मराठीतून हिब्रू व्याकरण १८३२ सालचे. एक लिपी उजवीकडून चालते, दुसरी डावीकडून, आणि कंपॉझिटर बिचारा मध्ये. आज हे काम फोन करतो, आणि तो चुकला तर काय होते ते आम्ही गेल्या महिन्यात पाहिले.

बहिणीला दोन नव्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांचा कागद तिने फोटो काढून आमच्याकडे पाठविला. तिला हिब्रू येते, पण बारीक छापलेले वाचताना अडखळते. आम्ही गोळ्यांची नावे हिब्रूतच ठेवली, म्हणजे डबीवरच्या नावाशी ताडून पाहता येतील, आणि बाकी मराठीत लिहून पाठविले. लिहिले असे: पहिल्या गोळीचे नाव, सकाळी १, दुसऱ्या गोळीचे नाव, रात्री २. सारे एका ओळीत.

संध्याकाळी तिचा फोन. "अगं ताई, डबीवर दिवसातून एकच लिहिलंय आणि तू रात्री दोन का सांगतेस?"

आम्ही आमचा फोन पाहिला, आमचे लिखाण बरोबर होते. पण ओळीची सुरुवात हिब्रू शब्दाने झाली, म्हणून यंत्राने सगळी ओळ उजवीकडून चालणारी धरली. तिच्या मोठ्या पडद्याच्या टॅबवर, डावीकडून पाहिले तर, आधी "रात्री २", मग दुसऱ्या गोळीचे नाव, मग "सकाळी १" आणि सर्वांत शेवटी पहिल्या गोळीचे नाव. मराठी माणूस डावीकडून वाचतो. तिने नाव आणि त्यापुढचा आकडा अशी जोडी लावली आणि दोन्ही गोळ्यांची अदलाबदल झाली. डबीवरचे वाचण्याची तिला सवय, म्हणून बचावली.

आत साठविलेला क्रम बरोबरच होता. आपण टाइप केले त्याच क्रमाने नंबर आत राहतात. ते पडद्यावर कोणत्या दिशेने मांडायचे याचे नियम ठरलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी नियम असा की ओळीतील पहिले अक्षर ज्या लिपीचे, त्या लिपीची दिशा ओळीला. पूर्णविराम, कंस, मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नसते. ते ओळीच्या मागे जातात. म्हणून कधीकधी मराठी वाक्याचा पूर्णविराम वाक्याच्या आधी येऊन दारवानासारखा उभा राहतो.

तेव्हा हिब्रू-मराठी मिसळून लिहावयाचे असेल तर प्रत्येक ओळ मराठी शब्दाने सुरू करावी आणि एका ओळीत एकच गोष्ट लिहावी. "सकाळी" लिहून मग गोळीचे नाव, मग आकडा, मग नवीन ओळ. आणि आकडा देवनागरीच लिहावा. यात गंमत अशी की यंत्राच्या नियमात देवनागरी आकडे मराठी अक्षरांप्रमाणे डावीकडून चालणारे मानले आहेत. इंग्रजी आकडे मात्र शेजाऱ्याचे पाहून वागतात, हिब्रू शब्दानंतर आले की उडी मारून त्याच्या डावीकडे जातात. औषधाच्या बाबतीत एवढे करूनही फोनवर एकदा तोंडी सांगावे.

लिहायला सुरुवात करण्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा व कीबोर्ड या ठिकाणी जाऊन मराठी जोडली की झाले. ज्यांस मराठी अक्षरांची आठवण पक्की आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी घ्यावी. ती १९८६ साली ठरली, स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला, आणि बहुतेक भारतीय भाषांना तीच. आठ-दहा दिवस चिडचिड होते, मग बोटे चालू लागतात. ज्यांस इंग्रजी अक्षरांवरून लिहिणे सोपे वाटते त्यांच्यासाठी तशीही सोय आहे. २०१७ पासून फोनला मराठी बोलून लिहविताही येते, पण आमच्या कोकणी वळणाच्या मराठीपुढे ते यंत्र गोंधळते. आम्ही "चिकाचा हलवा" तीनदा सांगितला, तीनदा निराळे लिहून आले, चौथ्यांदा हाताने लिहिला. साधा एसएमएस पाठविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत किंवा हिब्रूत सत्तरच. काना-मात्राही त्यात मोजली जाते.

आता मेव्हण्यांच्या पानांकडे. सीडीच्या पाकिटावर त्यांनी आपल्या वळणदार हस्ताक्षरात फाँटचे नाव लिहून ठेवले होते. त्यांच्या या एका सवयीने काम वाचविले. मुलीने तो फाँट मिळविला, फाइल अरबी पेटीऐवजी पश्चिम युरोपच्या पेटीतून उघडली, आणि पहिल्या पानावर "आमचे गाव" हे दोन शब्द उमटले. आम्ही बहिणीला व्हिडिओवर बोलावून ते दाखविले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ग च्या पुढे जागा जास्त सोडायची त्यांची सवय होती."

त्यानंतर तीन आठवडे मजकूर युनिकोडात आणून आम्ही वेलांट्या तपासीत बसलो. एक नुकसान मात्र भरून आले नाही. कधीतरी कोणी ही फाइल इस्राएली कॉम्प्युटरवर उघडून साध्या मजकुराच्या रूपात पुन्हा साठविली होती. त्या हिब्रू पेटीत २१७ ते २२३ हे सात खण रिकामेच आहेत. मेव्हण्यांच्या फाँटात नेमक्या त्या सात खणांत घ्, ञ्, ण्, थ्, ध्, भ् आणि श् ही अर्धी अक्षरे होती. रिकाम्या खणाचे यंत्र काय साठविणार? साऱ्या सातांच्या जागी सर्वत्र एकच प्रश्नचिन्ह. बहुतेक ठिकाणी शब्द ओळखता आला. "?ा?ा" म्हणजे घाणा हे सांगायला कोण लागतो?

सतराव्या पानावरचा एक शब्द तेवढा अडला आहे. वाक्य असे: "बाबा पहाटे उठून आधी ?वळी धुवून पालथी घालीत आणि मगच बैल जुंपीत." प्रश्नचिन्हाच्या जागी वरील सातांपैकीच एक अक्षर आहे, एवढे नक्की. थवळी, धवळी, भवळी, शवळी, सारे म्हणून पाहिले. घाण्याचे भांडे असावे किंवा एखादा भाग. बहिणीने हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचे आठवत नाही. तेथे आम्ही प्रश्नचिन्ह तसेच ठेवून खाली रेघ मारली आहे. रेवदंडा, चौल, अलिबाग या बाजूच्या ज्या कोणा वडीलधाऱ्यांच्या घरी घाणा होता, त्यांस हा शब्द ठाऊक असल्यास त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. हाताने लिहिलेले पत्रही चालेल.